विचारायला येणारी माणसं



सरकारदरबारी म्हातारपण एकदम येत नाही, हप्त्याहप्त्याने येतं. राज्य सरकारच्या नोकरीतल्या बहुतेकांना ५८व्या वर्षी नारळ मिळतो. कायद्याने ज्येष्ठ नागरिक व्हायचं तर ६० पुरी व्हावी लागतात. एसटीचं अर्धं तिकीट पुरुषांना ६५ झाल्यावर, आणि फुकट प्रवास हवा असेल तर ७५पर्यंत तब्येत सांभाळायची! शहादा-नंदुरबार गाडीत एकाच बाकावर पिकल्या केसांची तीन माणसं बसली, तर तिघांच्या म्हातारपणाचे दर वेगवेगळे निघतात.

त्यात आपल्याकडे जन्मतारखांची मौज. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केली, बरीचशी धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांत. पोराचं नाव दाखल करताना तारीख विचारली की बाप सांगायचा, ‘होळीच्या आधी झाला’, किंवा ‘पहिला पाऊस पडून गेला होता’. मग गुरुजी-बाई मंडळी १ जून लिहून मोकळी व्हायची. ही रीत साऱ्या महाराष्ट्राची. म्हणून तर ३१ मे आला की गावोगावी निरोपसमारंभांची झुंबड उडते आणि हार-नारळवाल्यांची चंगळ होते. पुढे २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातलं पहिलं आधार कार्ड आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं आणि वयावर पक्का शिक्का बसला. तरी आजही सातपुड्यात एखाद्या डोकऱ्याला वय विचारा. तो बहात्तरच्या दुष्काळापासून बोटं मोजायला लागतो, आकडा सांगत नाही.

आता कुणी म्हणेल, डोंगरात माणसं म्हातारी होतच नाहीत, तिथे निवृत्ती ठाऊकच नाही, किती छान! मला हे कौतुक पटत नाही. दिवाळी झाली की पाडेच्या पाडे ओस पडतात. तरणी माणसं ऊसतोडीला, बांधकामावर, गुजरातेत निघून जातात आणि घरात आजी-आजोबा, नातवंडं आणि शेळ्या उरतात. साठीतल्या बाईला पुन्हा पहाटे उठून दोन-तीन लेकरांचं न्हाणं-खाणं करावं लागतं. नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्यांवर लालभडक ढिगाशेजारी तोंडाला पदर बांधून देठं खुडणाऱ्या बायांमध्ये केस पांढरे झालेल्या कितीतरी दिसतील. त्या हौसेने आलेल्या नाहीत. हातातोंडाची गाठ पडावी म्हणून बसलेल्या आहेत. तेव्हा ‘साठीनंतर आनंदाने कामात राहा’ असं सांगताना कुणाला सांगतो आहोत, याचं भान हवं. मी आज बोलते आहे ते ज्यांच्या पोटाची काळजी मिटली आहे त्यांच्याशी. निवृत्त शिक्षक, ग्रामसेवक, एसटीतले कर्मचारी, शेती मुलाच्या हाती सोपवलेले शेतकरी, सुना आल्यावर स्वयंपाकघरातून अर्ध्या बाहेर पडलेल्या माझ्यासारख्या बाया.

आपलं दुखणं निराळं असतं. गुडघे, साखर, मोतीबिंदू ही दुखणी आहेतच, त्यांना औषधं आहेत. खरं दुखणं असं, की फोन वाजायचा थांबतो. कालपर्यंत ‘बाई, हा तक्ता कसा भरायचा?’ म्हणून दाराशी येणारी माणसं येईनाशी होतात. आपल्याला कुणी काही विचारत नाही, आणि माणूस त्यानेच खचतो असं मला वाटतं.

म्हणून वनहक्काच्या कायद्यातली एक गोष्ट मला फार आवडते. हा कायदा २००६चा. १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून जे आदिवासी कुटुंब वनजमीन कसत होतं, त्याला त्या जमिनीवर हक्क मागता येतो. पण पुरावा कुठून आणायचा? वनखात्याच्या दंडाच्या पावत्या सगळ्यांकडे नसतात. कायद्याचे नियम करणाऱ्यांनी पुराव्यांच्या यादीत एक पुरावा असाही घातला: दावेदार सोडून गावातल्या वडीलधाऱ्या माणसांनी दिलेला आणि लिहून घेतलेला जबाब. म्हणजे म्हाताऱ्या माणसाला काय आठवतं, हा सरकारमान्य कागद झाला! आपल्या जिल्ह्यात नर्मदेच्या आणि तापीच्या खोऱ्यांत अशा किती जबाबांवर अंगठे उमटले असतील.

असा एक जबाब मी जवळून पाहिला. पुढे काठी टेकत डोकरा, मागे हातात यंत्र घेऊन हद्द मोजणारी बारावी झालेली पोरं. पोरांना उपग्रहाकडून आकडे मिळत होते, पण कुठे उभं राहून आकडा घ्यायचा ते डोकरा सांगत होता. इथे बापाचं खळं होतं. हा दगडी बांध मी आणि माझ्या भावाने घातला, तेव्हा माझं लग्न झालं नव्हतं. त्या मोहाच्या खोडापर्यंत आमचं, पलीकडे मामाचं. मोहाचं झाड नव्हतंच, नुसता बुंधा उरला होता, तोही पालापाचोळा बाजूला केल्यावर दिसला. मग सावलीला बसून जबाब लिहिला गेला. डोकऱ्याला वाचता येत नव्हतं. अंगठा द्यायच्या आधी त्याने सगळा कागद मोठ्याने वाचून घेतला आणि मध्येच हात वर केला. नाल्याच्या अलीकडे नाही, पलीकडे. पोरांनी खोडून पुन्हा लिहिलं. पुन्हा वाचायला लावलं. त्या दिवशी त्याच्या बोलण्याला जी धार होती, ती कुठल्या टॉनिकने येत नाही.

आता याच डोंगरातल्या बायांकडे बघा. चुलीच्या वर, आढ्याला, साली मागे ओढून बांधलेल्या मक्याच्या कणसांच्या जुड्या टांगलेल्या असतात. धुराने काळपट झालेल्या. धुरामुळे कीड लागत नाही. पेरणीच्या वेळी घरातली म्हातारी जुडी खाली काढते. टोकाचे बारीक दाणे कोंबड्यांना, बुडाचे वेडेवाकडे जात्यावर, मधले भरलेले तेवढे बियाण्याला. सून शेजारी बसून पाहते. ज्वारी, मोर-बंटीसारखी भरडधान्यं, सगळ्यांची निवड अशीच. पुढे बाजारच्या बियाण्यांनी हे मागे पडायला लागलं, तेव्हा धडगाव तालुक्यात हरणखुरीच्या परिसरात गावकऱ्यांनी बायफ संस्थेच्या साथीने गावरान बियाण्यांची बँक उभी केली. तिला बी दिलं ते या आढ्यांनीच. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचं नाव तर घरोघरी पोचलं आहे. नातू सारखा आजारी पडतो, त्याच्या ताटात येतं ते अन्नच बरोबर नसावं, असं या आजीच्या मनात आलं आणि त्यातून बियाण्यांचं काम वाढलं. शाळेत न गेलेल्या राहीबाईंना २०२०ची पद्मश्री मिळाली. त्यांचा जन्म १९६४चा, म्हणजे त्यांनी आत्ताच साठी ओलांडली. त्यांच्याकडे विचारायला येणाऱ्यांत शेतीचे पदवीधरही आहेत.

पण आपल्यासारख्या शिकलेल्यांची पंचाईत अशी, की आपल्याला सांगायची सवय जडलेली असते. आयुष्यभर फळ्यापुढे उभं राहिल्यावर खाली बसवत नाही. इथे मला ताराबाई मोडक आठवतात. १८९२चा जन्म, १९१४ची मुंबई विद्यापीठाची पदवी, भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम. साठीत एखादीने अध्यक्षपदाच्या खुर्च्या उबवल्या असत्या. या बाई पासष्टीच्या आसपास, १९५७च्या सुमारास, डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी राहायला गेल्या. मुलं शाळेत येईनात, कारण ती गुरं राखायला जात. ताराबाईंनी पालकांना उपदेश केला नाही, शाळाच कुरणात नेली. गुरं चरताहेत, शेजारी मुलं शिकताहेत. पानं, दगड, बिया हीच साधनं. त्या वयात स्वतःची पद्धत मोडून नवी करायची म्हणजे स्वतःला विद्यार्थ्याच्या जागी बसवणं आलं. आणि १९७३ साली ताराबाई गेल्या तेव्हा त्यांच्या सहकारी अनुताई वाघ ६३ वर्षांच्या होत्या. त्यांनी सगळा भार उचलला, आणि ‘ग्राममंगल’ ही नवी संस्था सुरू केली तेव्हा त्यांची सत्तरी उलटून गेली होती.

एवढं मोठं सगळ्यांना जमेल असं नाही, आणि जमायलाही नको. प्रत्येक म्हाताऱ्याने संस्था काढली तर देणगी मागायला जायचं कुणाकडे? छोटं काहीही चालेल. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी लुगडी नेसून, पाठीला दप्तर लावून साठी-सत्तरीच्या बाया पाटी घेऊन बसल्या. त्यांना कुणाचं भलं करायचं नव्हतं. स्वतःचं नाव लिहायचं होतं.

निव्वळ मजेचंही ऐका. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी पहाटे पेटते. रात्रभर ढोल घुमत असतात. नवस केलेले बुध्ये अंगावर पांढरे ठिपके काढून, डोक्यावर मोरपिसांचे टोप आणि कमरेला दुधी भोपळे बांधून नाचतात. त्या नाचात सोळा वर्षांचा नातू असतो आणि त्याचा आजाही असतो. शहरात आपण ज्येष्ठांसाठी वेगळा हास्यक्लब काढतो, वेगळी सहल, वेगळी रांग. काठीत वेगळं रिंगण नाही. ढोल एकच, दमला तर बाजूला बसावं, दम आला की पुन्हा शिरावं. आपल्या गावातल्या कार्यक्रमांतही म्हाताऱ्यांना पहिल्या रांगेत शाल पांघरून बसवण्यापेक्षा नाचात ओढलं तर बरं होईल.

आता राहता राहिला प्रश्न, विचारायला येणारी माणसं आणायची कुठून? घरी वाट बघत बसलं तर येत नाहीत, हे नक्की. ‘आमच्या वेळी’ने वाक्य सुरू केलं तर आलेलीही जातात. माझ्या ओळखीचे एसटीतले एक निवृत्त वाहक आहेत. त्यांनी साधा उपाय केला. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी ते तहसील कचेरीबाहेरच्या झाडाखाली स्टूल टाकून बसतात. बाजाराला आलेल्या डोंगरातल्या माणसांना श्रावणबाळ योजनेचा अर्ज, बँकेचा कागद, रेशनकार्डातलं नाव, असलं काहीबाही भरून हवं असतं. पैसे घेत नाहीत, कुणी हरभऱ्याची जुडी ठेवली तर नाही म्हणत नाहीत. सुरुवातीला त्यांची बायको वैतागली होती. आता बाजाराच्या दिवशी ती स्वतःच त्यांना लवकर घराबाहेर काढते. त्यांना पावरी बोली नीट येत नव्हती, ती अर्ज भरता भरता येऊ लागली आहे. त्यांना जोडीदार हवा आहे, विशेषतः बाई, कारण बाया पुरुषाला सगळं सांगत नाहीत. मी हो म्हटलं आहे. स्टूल घरून आणायचं, दोन पेनं, अंगठ्याची शाई आणि जवळचा चष्मा विसरायचा नाही, असं त्यांनी बजावलं आहे.