तलावातील झिंग्यांची मोजदाद
चंद्रपूर-गडचिरोलीच्या माजी मालगुजारी तलावांत जंबो झिंग्याची पैदास होत नाही. त्याच्या अळ्यांना निमखारे पाणी लागते. म्हणून मच्छीमार सहकारी संस्थेला बीज विकतच घ्यावे लागते. त्यांपैकी जगले किती, हे कसे कळावे?

तलावातील १०० झिंगे खूण करून परत सोडावेत. पुढील जाळ्यातील ५० झिंग्यांत ५ खुणेचे निघाले, तर तलावात सुमारे १,००० झिंगे समजावेत.

मात्र वाढताना झिंगा कवच टाकतो. कवचावरील रंगही त्यासवे जातो. मग खुणेचे कमी आढळून अंदाज फुगतो व संस्थेची फसगत होते. यास्तव शेपटीच्या पारदर्शक मांसात सुईने रंगीत द्रव्य भरतात. ते आत घट्ट होऊन कवच गेल्यावरही टिकते. खूण टिकाऊ, तरच हिशेब खरा.