लाल पायांचं पिल्लू



लाल पायांचं कासव मूळचं दक्षिण अमेरिकेतलं.
तिथल्या रानात त्याचं पिल्लू
ओल्या पाल्यापाचोळ्याखाली दडून राहतं.

म्हणून घरी पाळतानाही त्याला ओल हवी,
पण ऊबदार ओल.

हवा कोरडी राहिली,
तर वाढत्या कवचावर उंचवटे येतात.
ते नंतर कधी जात नाहीत.

ओल गार पडली, तर न्यूमोनियाची भीती.
कोकणातल्या पावसाळ्यात धोका हाच.

पेटीत कोकोपीट पसरा, वर सुकी पानं.
पाणी उथळ ताटलीत ठेवा.
खोल भांड्यात पिल्लू बुडतं बरं का!

पुन्हा सांगते,
ओल हवी, पण ऊबदार.

आपलं स्टार कासव मात्र
घरी पाळणं गुन्हाच आहे.

लाल पायांच्या या परदेशी कासवालाही सरकारी नोंदणी लागते.
कागद पाहिल्याशिवाय पिल्लू घेऊ नका.