गारगोटीचें कुळ

गंगेकांठची मूठभर वाळू, खिडकीची कांच आणि सोनाराकडील अकीक हीं एकाच कुळांतलीं आहेत, असें सांगितलें तर नवल वाटेल. त्या कुळाचें नांव सिलिका. लॅटिन भाषेंत गारगोटीला जो शब्द आहे, त्यावरून हें नांव पडलें. सिलिकॉनचा एक अणु व प्राणवायूचे दोन, अशी तिची घडण. हीं दोन मूलद्रव्यें मिळून भूकवचाच्या वजनाचा सुमारें तीन चतुर्थांश भाग होतो.

सिलिका मोकळी असली म्हणजे तिला आपण स्फटिक किंवा गारगोटी म्हणतों. पण पुष्कळदां ती इतर द्रव्यांशीं बांधलेली असते. सह्याद्रीचा काळा कातळ घ्या. त्याचें निम्में वजन सिलिकेचें; परंतु ती लोह, चुना इत्यादिकांशीं संयुक्त असल्यामुळें डोळ्यांस दिसत नाहीं. त्याच कातळांतील पोकळ्यांत पाणी झिरपून जी सिलिका सांचली, तिचे अकीक व स्फटिक झाले. कोंकणच्या जांभ्याची गोष्ट उलट. युगानुयुगें पावसानें सिलिका धुऊन नेली आणि लोह व ॲल्युमिनियम मागें राहिलें. वनस्पतींसही सिलिका लागते. भाताच्या पात्याची धार तिचीच, आणि बांबूच्या पेरांतील वंशलोचन तेंही बव्हंशीं सिलिकाच.

वाळूंत मुलें खेळतात, त्यांस कांहीं होत नाहीं. कारण कण मोठे असतात. परंतु दगड कापतांना, भरडतांना जी अतिसूक्ष्म धूळ उडते, ती थेट फुप्फुसांच्या तळाशीं जाते. तेथें वण पडत जातात व श्वास आंखडतो. यास सिलिकोसिस म्हणतात. हा रोग बरा करणारें औषध नाहीं, आणि काम सोडल्यावरही तो वाढूं शकतो.

माझा जन्म पाटी-पेन्सिलींत गेला. मध्यप्रदेशांतील मंदसोर येथें पाटीवरच्या पेन्सिली कापणाऱ्या कामगारांना या रोगानें ग्रासलें. खंबायतेस अकीक घांसणाऱ्यांचीही तीच कथा. आपल्या मुलांचीं अक्षरें वळणदार झालीं, त्यांत त्या कामगारांचा श्वास खर्ची पडला आहे.

उपाय मात्र अवघड नाहींत. दगड ओला ठेवून कापावा, धूळ यंत्रानें ओढून घ्यावी, कामगाराची तपासणी वेळोवेळीं व्हावी. आपल्या घराची फरशी कोणी कोरडीच कापूं लागला, तर त्यास पाण्याची एक बादली देणें आपल्या हातीं आहे. तेवढें तरी आपण अवश्य करावें.