क्वासारमधले न विरणारे ढग



सक्रिय दीर्घिका आणि क्वासार यांवरील या परिषदेत स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. परिषद पुण्यात भरते आहे याचा विशेष आनंद आहे. डॉ. अजित केंभावी आणि डॉ. जयंत नारळीकर यांचा याच विषयावरचा, केंब्रिजने १९९९ साली काढलेला ग्रंथ हाताळूनच आपल्यापैकी अनेकजण या वाटेला लागले.

स्वागताध्यक्षाने थोडक्यात आटोपावे अशी रीत आहे. पण एक प्रश्न मांडल्यावाचून मला बसवत नाही.

मार्टेन श्मिट यांनी १९६३ मध्ये ३सी २७३ या क्वासारच्या वर्णपटातल्या हायड्रोजनच्या रेषा ओळखल्या. त्या कमालीच्या रुंद आहेत, कारण तिथला वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने धावतो. २०१८ मध्ये चिलीतल्या चार मोठ्या दुर्बिणी जोडणाऱ्या ग्रॅव्हिटी उपकरणाने या वायूचे केंद्रातल्या कृष्णविवरापासूनचे अंतर मोजले: सुमारे दीडशे प्रकाशदिवस. तिथून कृष्णविवराभोवती एक फेरी मारायला शतकाहून अधिक काळ लागतो. आणि हा वायू ज्या सुट्या ढगांत असल्याचे मानतात, ते ढग कसले? तापमान दहा हजार अंशांच्या आसपास, घनसेंटिमीटरला हजार कोटींच्या घरात कण. मोकळा सोडला तर असा ढग काही महिन्यांतच फुगून विरून जावा. मग त्याला धरून कोण ठेवते?

क्रोलिक, मॅकी आणि टार्टर यांनी १९८१ मध्ये सांगितले, बाहेरचा अतितप्त वायू. पण क्वासारच्या किरणांत वायू पुरेसा तापत नाही, आणि कमी तापलेला वायू इतका दाट लागेल की केंद्राच्या तेजातले झपाट्याचे बदल आपल्याला दिसणारच नाहीत. मार्टिन रीस यांनी १९८७ मध्ये चुंबकीय क्षेत्र पुढे केले. एखादा गाउस पुरतो, पृथ्वीच्या क्षेत्राच्या जेमतेम दुपटीइतका! २०१४ मध्ये बॅस्किन, लाओर आणि स्टर्न यांनी दाखवले की केंद्राचा प्रकाशच वायूला दाबून दाट करतो. माझा कल या उत्तराकडे आहे. मंद सायफर्ट दीर्घिका आणि झगझगीत क्वासार यांच्या रेषा इतक्या सारख्या का, हे त्यातून आपोआप उलगडते. मात्र प्रकाश एकाच बाजूने रेटतो. कडांनी वायू निसटत का नाही, हे मला अजून पटेल असे कुणी सांगितलेले नाही.

सुटे ढग नाहीतच, कृष्णविवराभोवतीच्या तबकडीवरून सतत उसळणारा वारा आहे, असे मानणारे सहकारीही इथे आहेत. उद्या सकाळचे संपूर्ण सत्र या वादासाठी मोकळे ठेवले आहे. तरुण संशोधकांनी त्यात आधी बोलावे, ज्येष्ठांनी नंतर, अशी समितीची विनंती आहे.