दप्तर कोणाच्या हाती?
(रत्नागिरी येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)

कोकणातील कुळांना दप्तराचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत उभा होता आणि कुळाच्या देण्याघेण्याचा हिशेब खोताच्या वहीत होता. ही पद्धत नष्ट करण्याचे विधेयक डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात मांडले. कायदा मात्र १९४९ साली झाला. वही ज्याच्या घरात, न्याय त्याच्या दारात, हा त्या काळाचा धडा होय. आज वहीची जागा संगणकाने घेतली आहे. धडा मात्र जुना झालेला नाही.

जालन्याचे उदाहरण पाहावे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत तेथे अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप असा की, २७ सप्टेंबर रोजी दुपारी तीनची मुदत टळल्यावर खोतकरांचा अर्ज स्वीकारला गेला. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतील कॅमेऱ्याच्या चित्रफितींचा. परंतु अशा पुराव्याला कायद्याने आवश्यक असलेले प्रमाणपत्र, वारंवार मागूनही, सरकारी यंत्रणेने दिले नाही. उच्च न्यायालयाने २०१७ साली निवडणूक रद्द केली. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला, तेव्हा त्या विधानसभेची मुदत संपून गेली होती.

या निकालाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. मूळ यंत्रच न्यायालयात हजर केले नसेल, तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. मात्र ज्याने ते मिळविण्याचे सर्व प्रयत्न केले, त्याला दुसऱ्याच्या नकाराची शिक्षा होऊ नये.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. आता यंत्र सांभाळणाऱ्याबरोबर तज्ज्ञाचीही सही लागते आणि नोंदीचा ‘हॅश’ द्यावा लागतो. हॅश म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा. एक अक्षर बदलले तरी तो बदलतो. खोटेपणाला आळा घालण्यास हे साधन उत्तम आहे. प्रश्न एवढाच की, मासळी प्रक्रिया कारखान्यातील रोजंदारी स्त्रीने तज्ज्ञ कोठून आणावा? तिची हजेरी बोटाच्या ठशाने मालकाच्या संगणकात जाते. तिच्या हाती चिठ्ठीसुद्धा उरत नाही.

व्यापारी दाव्यांत २०१५ च्या कायद्याने उभय पक्षांवर इलेक्ट्रॉनिक नोंदीही उघड करण्याचे बंधन घातले. अमेरिकेत २०१२ साली न्यायालयाने लक्षावधी कागदांची छाननी यंत्राकडून करून घेण्यास मान्यता दिली. धनिकांच्या भांडणात धनिकांची यंत्रे राबतात. औद्योगिक न्यायाधिकरणांनाही कागदपत्रे मागविण्याचा अधिकार आहे. परंतु कोणती नोंद मागावी हेच कामगाराला ठाऊक नसेल, तर तो अधिकार कागदावरच राहतो. आणि मागणी होईपर्यंत नोंद पुसली गेली असेल, तर मागणीलाही अर्थ राहत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांचे काम दुहेरी आहे. वाद उद्भवताच, अमुक तारखांच्या नोंदी जपून ठेवाव्यात, अशी लेखी मागणी करून पोच घ्यावी. ज्या फोनवर छायाचित्र वा संदेश आहे तो मूळ फोन सांभाळावा. प्रमाणपत्र नाकारले गेल्यास न्यायालयाकडे अर्ज करावा. जालन्याच्या निकालाचा आधार तेथेच उपयोगी पडतो.

दुसरे काम राजकीय आहे. हजेरी, वेतन व जमिनीच्या नोंदी किती काळ जपावयाच्या, हे मालकाच्या मर्जीवर नव्हे, कायद्याने ठरले पाहिजे. आपल्या नोंदीची प्रत प्रत्येक कामगाराला विनामूल्य मिळाली पाहिजे. विधी सेवा प्राधिकरणाने गरिबाला वकिलाबरोबर तज्ज्ञही दिला पाहिजे.

खोताची वही गेली ती कुळांनी संघटित होऊन झगडा केला म्हणून. संगणकाचे दप्तरही आपोआप उघडणार नाही.