काट्याला मुदत द्या



वजन उतरविण्यासाठी कॅलरी कशा मोजाव्यात आणि कोणत्या पदार्थात त्या किती असतात, हे आपणांस आज सांगण्याचे मला प्रयोजन दिसत नाही. कारण ते ज्ञान आता घरोघर पोहोचले आहे, आणि आमच्या वाडीतल्या गोदामात बिल्ट्या लिहिणाऱ्या मुनीमापासून अंबाझरीच्या आयुध निर्माणीतल्या कामगारापर्यंत ज्याच्या त्याच्या मोबाईलवर भाकरीचे आणि भाताचे आकडे तयार असतात. माझी काळजी निराळी आहे. माणसे ही मोजणी मोठ्या निष्ठेने आरंभितात, पहिला पंधरवडा कसोशीने पाळतात, आणि तिसऱ्या आठवड्यात काटा जागचा हललेला दिसला नाही की एक तर सारे सोडून देतात, नाही तर आधीच अर्ध्यावर आणलेली भाकरी चतकोरावर आणतात. या दोन्ही वाटा मला सारख्याच घातक वाटतात. म्हणून मिळालेल्या वेळात मी एकच गोष्ट सांगणार आहे, आणि आपणांस कंटाळा आला तरी पुनःपुन्हा सांगणार आहे : चार आठवडे पुरे होण्याआधी काट्याचा निकाल मान्य करू नका.

चारच आठवडे का, याचे उत्तर साध्या अंकगणितात आहे. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरींचा साठा. ज्याने रोजच्या आहारातून ५०० कॅलरी खरोखर कमी केल्या, त्याची आठवड्याची तूट ३,५०० होते, म्हणजे त्याची चरबी घटते ती सुमारे साडेचारशे ग्रॅम. आता दुसरी बाजू पाहा. याच शरीरातले पाणी एका दिवसात किलो-दीड किलोने सहज वरखाली होते. लग्नाच्या पंगतीत लोणचे-पापड झाले, रात्री सावजीचा झणझणीत रस्सा झाला, की त्यातल्या मिठामागोमाग पाणी साठते. स्त्रियांना पाळीच्या आधीचे काही दिवस ते साठते. नव्याने व्यायाम आरंभिला तर दुखावलेले स्नायूही पाणी धरून ठेवतात. म्हणजे आठवडाभराच्या संयमाने मिळविलेली घट ही एका रात्रीच्या चढउताराहून लहान असते, आणि ती त्या चढउताराखाली झाकली गेली तर त्यात नवल काहीच नाही.

पहिल्या आठवड्यातली गंमत याहून फसवी असते. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाचा पिष्टाचा साठा असतो, आणि त्याच्या एका ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. जेवण कमी होताच हा साठा प्रथम खर्ची पडतो, त्याचे पाणी निघून जाते, आणि सात दिवसांत दोन-अडीच किलो उतरल्याचे पाहून घरात आनंदीआनंद होतो. तो आनंद पाण्याचा असतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात खरी चरबी आपल्या संथ गतीने जाऊ लागते, तेव्हा नेमका हाच मनुष्य म्हणतो, "डॉक्टर, आता उतरत नाही हो!" वस्तुतः तेव्हाच उतरू लागलेले असते.

अमरावती रस्त्याने वाडीहून आठव्या मैलाकडे जाताना दुतर्फा जे धर्मकाटे लागतात, ते आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील. ट्रक आधी रिकामा तोलतात, मग भरून तोलतात, आणि दोन वजनांतले अंतर म्हणजे माल असे धरून काट्याची पावती फाडतात. परंतु जो मुनीम या धंद्यात मुरलेला आहे तो पावती नुसती वाचत नाही, तो चार प्रश्न विचारतो. रिकाम्या वेळी डिझेलची टाकी कोरडी होती आणि भरल्या वेळी काठोकाठ होती काय? कारण एका मोठ्या टाकीतले तीनशे लिटर डिझेल म्हणजे अडीचशे किलो होतात. ड्रायव्हर आणि क्लीनर दोन्ही वेळी खाली उतरले होते काय? ताडपत्री पावसाने भिजली होती काय? चाकांना आणि पाट्यांना किती चिखल होता? या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत तो मुनीम, माल कमी भरला की जास्त, याविषयी एक शब्द बोलत नाही. आपण मात्र सकाळी न्हाणीघरातल्या काट्यावर उभे राहतो, शंभर ग्रॅम चढलेले पाहतो, आणि ताडपत्री भिजली असेल हा विचारसुद्धा मनात न आणता माल चोरीस गेला अशी फिर्याद गुदरतो.

हा दृष्टांत मी आणखी थोडा ताणतो, कारण त्यात एक बारकी गोष्ट आहे आणि ती ऐकताना निसटून जाण्याजोगी आहे. रस्त्यावरचा मोठा काटा पाच-दहा किलोंच्या टप्प्यानेच आकडा बदलतो. भरल्या ट्रकमधून कोणी रोज एक पायली गहू काढला तर पहिल्या दिवशी काटा तेच वजन दाखवील. दुसऱ्या दिवशी ताडपत्री भिजली तर चढलेले दाखवील. आणि म्हणून गहू निघालाच नाही असे मात्र कोणी म्हणू शकणार नाही. आणखी एक अडचण अशी की ट्रक निदान रिकामा करून तोलता येतो. शरीर रिकामे करून तोलता येत नाही. हाडे, स्नायू, पाणी, चरबी, कालचे जेवण, सारे एकाच वेळी काट्यावर चढते आणि काटा एकच आकडा सांगतो.

त्या एका आकड्याने किती दिशाभूल होते, याचा सुंदर दाखला आपल्याच महाराष्ट्रातला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन या दोघा संशोधकांचे एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजनाचा जो निर्देशांक काढतात तो दोघांचा अगदी एक, २२.३, पण तपासणीत युडकिन यांच्या शरीरात चरबी निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आपण भारतीय लोक दिसण्यात बारीक असूनही चरबी अधिक बाळगतो, हे डॉ. याज्ञिकांच्या अनेक वर्षांच्या संशोधनाचे सार त्या एका चित्रात उतरले आहे. तेव्हा काट्याशेजारी शिंप्याची फीत ठेवा. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या आत असावी असे आपल्याकडचे प्रमाण आहे. आणि काटा स्थिर असताना फीत सैल होऊ लागली, असे दिसून येणे मुळीच दुर्मिळ नाही.

हे केवळ समाधानासाठी सांगितले असे कोणास वाटेल, म्हणून दुसरा दाखला देतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, २४ आठवडे अर्धपोटी ठेवून त्यांच्या शरीराची इंचन्‌इंच नोंद केली. त्यांचे वजन सुमारे एकचतुर्थांश उतरले. पण त्यांच्या पायांवर सूज येई, शरीरात पाणी साठे, आणि मांस व चरबी जात असतानाही काटा तेवढी घट दाखवीत नसे. ती उपासमार होती, तिचे अनुकरण कोणी करू नये. परंतु डोळ्यांत तेल घालून पाहणाऱ्या संशोधकांच्या काट्यालाही जर पाणी फसविते, तर आपल्या घरच्या काट्याने आठ दिवसांत फैसला द्यावा ही अपेक्षा अन्यायाची आहे. म्हणून म्हणतो, चार आठवडे.

मग तोलावे कसे? रोज सकाळी, शौचास जाऊन आल्यावर आणि चहा घेण्यापूर्वी, त्याच हलक्या कपड्यांत तोलावे आणि आकडा लिहून विसरून जावा. सात आकड्यांची सरासरी काढावी, आणि या आठवड्याची सरासरी चार आठवड्यांपूर्वीच्या सरासरीशी ताडून पाहावी. कालच्या आकड्याशी कदापि नाही. ज्यांना रोजचा आकडा पाहून दिवसभर उदास वाटते, त्यांनी रोज तोलूच नये.

चार आठवडे गेले आणि सरासरी खरोखर हलली नाही, तर मात्र मी आपणांस थोडे रागावणार आहे. १९९२ मध्ये न्यूयॉर्क येथे, आहार कमी करूनही वजन उतरत नाही अशी तक्रार करणाऱ्यांचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांनी आपला आहार प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी आणि व्यायाम ५१ टक्क्यांनी जास्त सांगितला असे आढळले. ती माणसे खोटे बोलत होती असे मी म्हणत नाही; मनुष्य जे ताटात वाढून घेतो ते मोजतो आणि जे हाताने तोंडात टाकतो ते विसरतो. आपल्याकडे विसरले जाते ते बहुधा तेल. तूप-तेलाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी. चार माणसांच्या घरात महिन्याला चार किलो तेल संपत असेल तर माणशी रोजचे ३३ ग्रॅम, म्हणजे ३०० कॅलरी झाल्या. आणि त्या गोळाभातावर ओतलेल्या फोडणीत, पोह्यांवरच्या तर्रीत, सांबारवडीच्या तळणीत अशा विखुरल्या जातात की वहीत त्यांचे नाव येत नाही. भाजी सर्वांची एकाच पातेल्यात शिजते, तिच्यातले आपल्या वाटचे तेल कोण मोजणार, असे आयाबाया विचारतात, आणि तो प्रश्न रास्त आहे. त्याला उपाय एकच : महिन्याचे तेल पहिल्या तारखेस वेगळ्या डब्यात काढा आणि माणशी भागाकार करा. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात साडेतीनशे कॅलरी असतात, तेवढ्याच तेलात नऊशे. म्हणून तेल मोजण्याआधी भाकरीवर घाला घालू नका. आणि हेही चार आठवड्यांनंतर, आधी नाही.

येथे कोणी डॉ. श्रीकांत जिचकारांची आठवण देईल, आणि ती द्यावीच. काटोलचे हे विलक्षण बुद्धिमान गृहस्थ २००४ साली याच अमरावती रस्त्यावर, कोंढाळीजवळ, अपघातात गेले, याची हळहळ आम्हां विदर्भवासीयांना अजून वाटते. दिवसातून दोनच वेळा जेवावे हा त्यांचा उपदेश पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगाव नेला, आणि त्यात कॅलरी मोजण्याची खटपट नाही. त्या वाटेने जाणाऱ्यांशी माझा वाद नाही. माझा वाद आहे तो सोमवारी कॅलरी, पुढच्या सोमवारी दोन वेळचे जेवण, त्यापुढच्या सोमवारी नुसती फळे, असे करणाऱ्यांशी. कारण कोणत्याही पद्धतीत चरबी याच गतीने जाते, आणि दर आठवड्याला वाट बदलणाऱ्याला त्यांपैकी कोणती लागू पडली हे कधीच कळत नाही.

वेळ संपत आला आहे, पण आणखी एक गोष्ट सांगितल्याखेरीज राहवत नाही. पहिले काही महिने वजन नीट उतरते आणि मग गती मंदावते. ५०० कॅलरींच्या हिशेबाने वर्षाला जवळजवळ २४ किलो उतरावेत असे गणित १९५८ सालापासून सांगितले जात आहे. ते पुरे पडत नाही, कारण हलके झालेले शरीर चालताना, बसताना, निजतानासुद्धा कमी खर्च करते. केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली दाखविले की रोजच्या २४ कॅलरी कायमच्या कमी केल्या तर अखेरीस सुमारे एक किलो उतरतो, पण त्यातला अर्धा उतरण्यास वर्ष लागते आणि जवळजवळ सर्व उतरण्यास तीन वर्षे. म्हणजे आपल्या ५०० कॅलरींनी पहिल्या वर्षी पदरात पडतील ते साधारण दहा किलो. ज्याला चोवीसाची आशा लावली त्याला दहा मिळाले तर तो स्वतःस दोष देतो. त्याला आरंभीच दहा सांगितले असते तर तो सुखाने चालत राहिला असता. डॉक्टरांनी आणि व्यायामशाळेच्या चालकांनीही हे ध्यानी घ्यावयास हवे, पण तो विषय मोठा आहे, तो आज राहू द्या.

शेवटी एक सूचना. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी आपण होऊन ही मोजणी करू नये. आणि जे मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी जेवण कमी करण्यापूर्वी औषधाची मात्रा आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. अंगाला कंप सुटला, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्या क्षणी हिशेबाची वही मिटावी आणि चार चमचे साखर पाण्यात घालून प्यावी.