सीमाभागातील विमा आणि कराची वजावट

(निपाणी येथे व्यापारी बंधूंसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



वखार निपाणीत आणि पेढी कोल्हापुरात, ही येथील व्यापाराची जुनी रीत आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि विक्रीकराचे नाके उठले. रस्त्यावरची सीमा पुसली गेली. परंतु बिलावरची सीमा कायम आहे. नोंदणी क्रमांकाचे पहिले दोन अंक ती दाखवितात : कर्नाटकाचे २९, महाराष्ट्राचे २७.

समजा, आपल्या तंबाखूच्या वखारीचा आगीचा विमा आपण कोल्हापूरच्या शाखेत उतरविला. हप्ता दहा हजार रुपये, त्यावर अठरा टक्के दराने कर १,८०० रुपये. आपण निपाणीचा नोंदणी क्रमांक दिला असेल, तर कंपनी एकात्मिक कर आकारते. ही रक्कम आपणांस कर्नाटकातील कराच्या देण्यातून वजा करता येते. दोन राज्यांमधील हिशेब केंद्र सरकारमार्फत मिटतो. परंतु क्रमांक न देता कोल्हापूरचा पत्ता लिहिला, तर केंद्राचे ९०० आणि महाराष्ट्राचे ९०० रुपये आकारले जातात. महाराष्ट्राला दिलेला कर कर्नाटकाच्या देण्यात वळता होत नाही. क्रमांकच नसल्यामुळे केंद्राच्या हिश्श्याचीही वजावट मिळत नाही. सारे १,८०० रुपये खर्ची पडतात.

म्हणून पॉलिसी हाती येताच नाव, पत्ता व क्रमांक पडताळून पाहावा आणि चूक तात्काळ दुरुस्त करून घ्यावी. वजावट मागण्याची मुदत आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत असते. त्या आधी वार्षिक विवरणपत्र भरल्यास ती तेथेच संपते.

आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. माल आगीत नष्ट झाल्यास, त्याच्या खरेदीवर घेतलेली वजावट परत करावी लागते. विम्याची रक्कम ठरविताना हा बोजाही हिशेबात धरणे शहाणपणाचे होय.

घरगुती विम्याची गोष्ट निराळी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्यविमा करमुक्त झाला आहे. त्यावर करच नसल्यामुळे वजावटीचा प्रश्न उरत नाही. वखारीच्या विम्यास मात्र ही सूट नाही.

सीमेवर राहणाऱ्यास दोन राज्यांचे नियम सांभाळावे लागतात, हे खरे. तथापि दोन अंकांकडे दुर्लक्ष झाल्यामुळे कष्टाचा पैसा वाया जाऊ नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.